ढब्बूचा राजा घुसमटला: शह न ओळखणाऱ्या एका इंजिनाचं प्रकरण

गणपतीच्या चौथ्या दिवशी, रात्रीची आरती आटोपून खिरापत वाटून झाल्यावर, मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मंडपात ढब्बू हरला. ढब्बू म्हणजे माझ्या भाच्याने इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात लिहायला घेतलेला बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, म्हणजेच इंजिन. समोर बसले होते पहिल्या मजल्यावरचे अण्णा. बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आणि आयुष्यात बुद्धिबळाचं एकही पुस्तक न उघडलेले. अण्णा हरणार याची भाच्याला इतकी खात्री होती की त्याने लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला होता. त्यामुळे जे घडलं ते अख्ख्या सोसायटीने पडद्यावर पाहिलं.

स्थिती अशी होती (पटाच्या उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८). अण्णांचा पांढरा राजा जी१ वर, वजीर एफ१, घोडा जी५, प्यादी बी२, एफ२, जी२, एच२. ढब्बूचा काळा राजा जी८ वर, वजीर बी६, हत्ती बी८, प्यादी ए७, जी७, एच७. खेळी काळ्याची. हत्तीचे ५ आणि घोड्याचे ३ धरले, तर काळा एका प्याद्याएवढा पुढे. बी२ वरचं प्यादं फुकट दिसतंय. ढब्बूने वजिराने ते खाल्लं आणि पडद्यावर आकडा आला: अधिक दोन. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

अण्णांनी वजीर सी४ वर ठेवला. "शह." राजा एच८ ला गेला, कारण एफ८ ला गेला तर वजीर एफ७ वर येऊन लगेच मात. घोडा एफ७, पुन्हा शह. राजा परत जी८. घोडा एच६: आता वजिराचाही शह आणि घोड्याचाही. राजा एच८. मग अण्णांनी चष्मा वर सरकवला आणि वजीर उचलून थेट जी८ वर, राजाच्या नाकासमोर नेऊन ठेवला. मागून कुणीतरी "अहो अण्णा!" म्हणून ओरडलं. त्या वजिराला घोड्याचा जोर असल्याने राजाला तो खाता येईना, म्हणून हत्तीने खाल्ला. घोडा एफ७. मात. राजाच्या एका बाजूला त्याचाच हत्ती, पुढे त्याचीच दोन प्यादी, हलायला जागा नाही. "घुसमटला बिचारा," अण्णा म्हणाले आणि प्रसादाचा पेढा तोंडात टाकला.

ही मात काही अण्णांनी शोधलेली नाही. १४९७ साली स्पेनमध्ये छापलेल्या लुसेना नावाच्या खेळाडूच्या बुद्धिबळावरच्या पुस्तकात ती आहे. पाचशे वर्षांहून जुना सापळा, त्यात पांढऱ्याची प्रत्येक खेळी शह आणि काळ्याला जवळजवळ कुठेच पर्याय नाही. माणसाला अशी मालिका दिसते ती ह्याच कारणाने: शह दिला की समोरच्याच्या शक्यता एक-दोनवर येतात, विचार पुढे ढकलणं सोपं जातं. एका सेकंदात लाखो स्थिती चाळणाऱ्या प्रोग्रामला तीच दिसू नये, हे मला खटकलं. मी पोटापाण्यासाठी बँकांची सॉफ्टवेअर सांभाळतो, बुद्धिबळाचा प्रोग्राम त्याआधी कधी लिहिला नव्हता. पण "चुकलं कुठे" हे शोधण्याचं काम दोन्हीकडे सारखंच असतं.

आधी चुकीच्या डॉक्टरकडे

भाच्याचं निदान तयार होतं. "मामा, किंग सेफ्टीचे मार्क कमी पडतायत. वाढवतो." म्हणजे राजाभोवती शत्रूची मोहरी जमली तर जे गुण वजा होतात, ते जास्त वजा करायचे. मीही मान डोलावली. मूल्यमापनाचे आकडे बदलणं हे असल्या कामातलं सर्वांत मोहात पाडणारं औषध आहे: घ्यायला सोपं, आणि काहीतरी बदललेलं लगेच दिसतं. दोन दिवस त्यात गेले. ढब्बू भित्रा झाला, राजाला कोपऱ्यात दडवून प्यादी सोडू लागला. आणि मंडपातली स्थिती त्याला पुन्हा दिली की त्याच उत्साहाने बी२ खायचा.

मग मी एक साधा प्रश्न विचारला, जो पहिल्याच रात्री विचारायला हवा होता. ही मात बी२ खाण्यापासून किती अर्ध्या चालींवर आहे? (अर्धी चाल म्हणजे एका बाजूची एक खेळी.) मोजा: बी२ खाणं एक, सी४ चा शह दोन, राजा तीन, घोडा चार, राजा पाच, दुहेरी शह सहा, राजा सात, जी८ वरचा वजीर आठ, हत्तीने घेणं नऊ, मात दहा. ढब्बूची डेप्थ, म्हणजे किती अर्ध्या चाली पुढे बघायचं ते, आम्ही सहावर बांधली होती, लोकांना मंडपात वाट पाहायला लागू नये म्हणून. तेव्हा सहाव्या अर्ध्या चालीनंतर, म्हणजे नेमका दुहेरी शह बसलेला असताना, त्याची नजर संपत होती. संगणक-बुद्धिबळाचे संशोधक हान्स बर्लिनर यांनी १९७० च्या दशकात ह्या दुखण्याला होरायझन इफेक्ट हे नाव दिलं. क्षितिजाच्या पलीकडचं दिसत नाही, म्हणून ते नाहीच असं यंत्र धरून चालतं.

पण क्षितिज हे अर्धंच उत्तर झालं. राजाला दोन बाजूंनी शह बसलाय अशा क्षणी कुठलाही शहाणा खेळाडू "मी दोनने पुढे आहे" म्हणून पट मिटणार नाही. ढब्बूने तो मिटला होता.

शहात उभं राहून श्वास सोडणं

डेप्थ शून्य झाली की बहुतेक इंजिनं थेट मूल्यमापन करत नाहीत. ती क्विएसन्स सर्चमध्ये शिरतात: मारामारी संपून पट शांत होईपर्यंत फक्त घेण्याच्या खेळ्या बघत राहतात. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी संगणकाच्या बुद्धिबळावरच्या १९५० च्या लेखातच मूल्यमापन शांत स्थितीतच करावं हे बजावलं होतं. ह्या सर्चच्या सुरुवातीला एक पळवाट असते, तिला स्टँड पॅट म्हणतात. ज्याची खेळी आहे तो म्हणू शकतो, "मला काही खायचंच नाही, आहे ती स्थिती मला चालेल." मग पटाचे आत्ताचे गुण हाच त्याचा तळ ठरतो.

ह्यामागे एक गृहीत आहे: खेळणाऱ्याकडे घेण्यावाचून दुसरी एखादी बरी, शांत खेळी असणारच. शह बसलेला असताना ते गृहीत कोसळतं. तिथे शांत बसण्याचा पर्यायच नसतो, शह काढावाच लागतो, आणि कदाचित तो काढताच येत नसतो. ढब्बूच्या क्विएसन्समध्ये शहाचा उल्लेखच नव्हता. दुहेरी शहात सापडलेला काळा पाहून त्याने मोहरी मोजली, दोनने पुढे असल्याचं पाहिलं आणि समाधानाने परत फिरला. पडद्यावरचा अधिक दोन हा आकडा तिथून आला होता.

दुरुस्ती सरळ होती. क्विएसन्समध्ये शिरताच राजाला शह आहे का ते विचारायचं. असेल तर स्टँड पॅट बंद, आणि फक्त घेण्याच्या नव्हे तर शहातून सुटण्याच्या सगळ्या खेळ्या बघायच्या. एकही नसेल तर मात. शह नसताना मात्र घेण्याची खेळी सापडली नाही म्हणजे मात किंवा स्टेलमेट (शह नसताना खेळीच न उरल्याने बरोबरी) असं समजायचं नाही, कारण तिथे आपण बाकीच्या खेळ्या बघितलेल्याच नसतात. भाच्याने पहिल्या प्रयत्नात हे दुसरं विसरून दाखवलं आणि ढब्बूला अर्धा तास सगळीकडे स्टेलमेट दिसत होती.

दुरुस्ती बरोबर होती. उत्तर तेच आलं: वजिराने बी२.

कारण कागदावर मांडलं की दिसतं. दुहेरी शहानंतर काळा राजा एच८ ला सुटतो. आता क्विएसन्समध्ये पांढऱ्याची पाळी, त्याच्यावर शह नाही, म्हणून तो फक्त घेण्याच्या खेळ्या बघतो. घेण्यासारखं काहीच नाही. वजीर जी८ ही खेळी काही घेत नाही, त्यामुळे ती यादीतच नाही.

शहांची मालिका आणि अडकलेला पंखा

भाच्याने मग उत्साहाच्या भरात क्विएसन्समध्ये शह देणाऱ्या सगळ्या खेळ्याही घातल्या, प्रत्येक पातळीवर. रात्री अकराला त्याचा परळहून फोन. "मामा, पंखा जोरात फिरतोय, उत्तर येत नाही." थोड्या वेळाने प्रोग्राम मेमरीच्या चुकीने पडला.

पडायलाच हवा होता, आणि नेमका ह्याच स्थितीत. घोडा एच६ वरून एफ७ ला शह देतो, राजा एच८ वरून जी८ ला जातो. घोडा परत एच६, शह, राजा परत एच८. पुन्हा एफ७. घोडा आणि राजा ही फुगडी अनंतकाळ घालू शकतात. नेहमीच्या सर्चमध्ये दर खेळीला डेप्थ एकने घटते, म्हणून असा फेरा कधीतरी थांबतो. क्विएसन्समध्ये डेप्थच नसते. घेण्याच्या खेळ्यांना तिथे आपोआप शेवट आहे, कारण पटावरची मोहरी संपत जातात. शहाने पटावरचं काहीच संपत नाही. फंक्शन स्वतःलाच बोलावत राहिलं आणि त्यासाठी राखलेली मेमरी, म्हणजे स्टॅक, भरला.

ढब्बूला तीनदा पुनरावृत्तीचा नियम माहीत होता, पण तो फक्त प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या डावाकडे बघायचा. मनातल्या मनात चाललेल्या खेळ्यांच्या फांदीवर तीच स्थिती पुन्हा आली तर त्याला पत्ता नसे. ते जोडलं, आणि फांदीवर एकदा जरी स्थिती परत आली तरी बरोबरीचा शून्य द्यायचा असं ठरवलं. तीनदा होण्याची वाट बघण्यात अर्थ नसतो. शिवाय फांदीच्या लांबीवर एक कडक मर्यादा घातली. ती मर्यादा आधीपासून का नव्हती ह्याचं उत्तर भाच्याकडे नव्हतं आणि मी ते फार मागितलंही नाही.

फेरा थांबला, पण झाड भयंकर फुगलं. खुल्या पटावर वजिराला शह देण्याच्या जागा किती असतात ते कुठल्याही खेळाडूला विचारा. त्यातले बहुतेक निव्वळ त्रास देणारे, राजा एक घर सरकला की विषय संपला. म्हणून शांत शह फक्त क्विएसन्सच्या पहिल्या पातळीवर ठेवले, खालच्या पातळ्यांवर बंद. आणि लांब मालिका बघण्याचं काम मुख्य सर्चकडे सोपवलं: ज्याची खेळी आहे त्याच्या राजाला शह असेल, तर त्या नोडची, म्हणजे फांदीवरच्या त्या स्थितीची, डेप्थ एकने वाढवायची. चेक एक्स्टेन्शन. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या प्रोग्रामांतही ही युक्ती होती, आणि तिच्यामागचं तर्कशास्त्र अण्णांच्या डोक्यातल्यासारखंच आहे: शहाला उत्तरं एक-दोनच असतात, तेव्हा तिथे एक पायरी जास्त उतरणं स्वस्त पडतं.

आमच्या स्थितीत हिशेब कसा चोख बसतो बघा. बी२ खाल्ल्यावर डेप्थ पाच. सी४ च्या शहाने चार, पण शह म्हणून परत पाच. राजा हलला, चार. घोड्याच्या शहाने तीन, परत चार. राजा, तीन. दुहेरी शह, दोन, परत तीन. राजा, दोन. जी८ चा वजीर, एक, परत दोन. हत्तीने घेतला, एक. घोडा एफ७, शून्य, शह म्हणून एक, सुटण्याची खेळी नाही, मात. चार शहांनी सहाची डेप्थ दहापर्यंत ताणली. एक पायरीही वाया गेली नाही आणि एकही कमी पडली नाही.

असा कागद घेऊन मी शनिवारी परळला गेलो. भाच्याने एक्स्टेन्शन घातलं, प्रोग्राम बांधला, स्थिती दिली.

वजिराने बी२. अधिक दोन.

राजा नेमका कुणाचा

ह्या प्रकरणातला माझ्या दृष्टीने खरा भाग इथून सुरू होतो, आणि बुद्धिबळाशी त्याचा संबंध थोडाच आहे.

मी भाच्याला सांगितलं, आता अंदाज बंद. प्रत्येक खेळीनंतर पट तपासणारी एक ओळ घाल: पांढरा राजा एक, काळा राजा एक, नसेल तर जागच्या जागी थांब. तो हसला. "राजा कुठे जाणार, मामा?" ओळ घातली. एका सेकंदाच्या आत प्रोग्राम थांबला. काळा राजा पटावर नव्हता.

कारण निघालं नल मूव्ह. ही सर्चमधली एक हुशार चोरवाट आहे. आपली पाळी मुद्दाम सोडून द्यायची आणि बघायचं, की एक खेळी फुकट देऊनही आपली स्थिती चांगली राहते का. राहत असेल तर ही फांदी खोल तपासायची गरजच नाही, छाटून टाका. हिच्यामुळे वेळ प्रचंड वाचतो. पण शह बसलेला असताना पाळी सोडता येत नाही, कारण मग समोरचा सरळ राजाच खाईल. म्हणून प्रत्येक इंजिनात अट असते: शह असेल तर नल मूव्ह नाही. ढब्बूमध्येही ही अट होती. अट बरोबर, फक्त प्रश्न चुकीच्या राजाला विचारलेला.

भाच्याचं शह तपासणारं फंक्शन कुणाचा राजा हे विचारत नसे. ज्याची पाळी असेल त्याचा, असं ते स्वतःच ठरवायचं. खेळी केली की पाळी बदलते. त्यामुळे खेळी वैध आहे का हे बघताना, म्हणजे जो नुकताच खेळला त्याचा राजा उघडा पडला का हे बघताना, पाळी उलटी करून प्रश्न विचारायला लागत होता, आणि तिथे त्याने तशी तडजोड केलेली होती. नल मूव्हमध्ये मात्र आधी पाळी उलटली जात होती आणि मग प्रश्न विचारला जात होता. म्हणजे जो शह देतोय त्याच्याच राजाला विचारायचं, बाबा, तुला शह आहे का. उत्तर कायम "नाही".

तर सी४ च्या शहाखाली काळा आरामात पाळी सोडत होता. पांढरा वजीर राजा खात होता. राजा दोघांकडेही असतोच म्हणून मूल्यमापनात त्याची किंमत शून्य ठेवलेली, तेव्हा राजा खाऊन पांढऱ्याला काहीच मिळालं नाही असं दिसत होतं. निष्कर्ष: पाळी सोडली तरी काळा दोनने पुढेच, फांदी छाटा. एक्स्टेन्शनने कमावलेल्या पायऱ्यांवर पाऊल पडायच्या आत हा दरवाजा बंद होत होता. राजाची किंमत आम्ही दहा हजार ठेवली असती, तर ही चूक निव्वळ वेळ खात राहिली असती, चुकीचं उत्तर आलं नसतं, आणि बहुधा कधी सापडलीही नसती. हे मला अजून अस्वस्थ करतं.

दुरुस्ती करताना फंक्शनला रंग सांगणं सक्तीचं केलं. आणि शह आहे की नाही हे प्रत्येक नोडवर शिरताना एकदाच शोधून लिहून ठेवायचं, मग एक्स्टेन्शन, नल मूव्ह, छाटणीचे बाकीचे नियम, सगळ्यांनी तेच वाचायचं, असं ठरवलं. शोधणं फार महाग नसतं: राजाच्या घरावरून उलट बघायचं. घोडा असतो तर कुठे पोचलो असतो, तिथे शत्रूचा घोडा आहे का. हत्तीसारखं सरळ गेलो तर पहिला भेटणारा शत्रूचा हत्ती किंवा वजीर आहे का. उंटासारखं तिरकं तसंच. मग प्यादी आणि समोरचा राजा. सगळी शत्रूची मोहरी फिरून बघायची गरज नाही.

आता स्थिती दिली तर ढब्बूने बी२ सोडलं आणि एच७ चं प्यादं एच६ वर ढकललं. राजाला एच७ चं दार उघडलं. सी४, एफ७ असे दोन शह सोसून राजा तिथे बाहेर पडतो आणि घुसमट टळते. भाच्याने रविवारी सकाळी साडेसहाला मला फोन करून हे सांगितलं.

जाता जाता सापडलेली भुतं

हात घातलाच आहे तर शहातून सुटण्याच्या खेळ्या काढणारा वेगळा कोड, म्हणजे जनरेटर, लिहू, असं ठरलं. आधी सगळ्या खेळ्या काढून मग एकेक करून राजा उघडा पडतो का बघणं हा बरोबर पण संथ मार्ग. शहाला उत्तरं तीनच: राजा हलवा, शह देणाऱ्याला खा, किंवा मध्ये काहीतरी घाला. घोड्याच्या किंवा प्याद्याच्या शहात मध्ये घालण्याचा प्रश्न येत नाही. दुहेरी शहात फक्त राजा हलतो. हे शेवटचं अण्णांनी भाच्याला त्यांच्या भाषेत समजावलं होतं: पुढच्या आणि मागच्या दोन्ही दारांतून तपासनीस चढले की तिकीट शोधत बसायचं नाही, उतरायचं.

ह्यात एक खड्डा आहे आणि पहिल्यांदा लिहिणारे बरेचजण त्यात पडतात. राजा जी८ वर, शत्रूचा हत्ती ए८ वरून शह देतोय. एच८ सुरक्षित आहे का? प्रोग्रामला वाटतं आहे, कारण ए८ आणि एच८ च्या मध्ये जी८ वर राजा स्वतःच आडवा उभा आहे. तो हलला की आडोसाही हलतो. म्हणून राजाची नवी घरं तपासताना राजाला पटावरून तात्पुरता उचलून ठेवावं लागतं.

जनरेटर बरोबर आहे की नाही हे बघायला पर्फ्ट नावाची चाचणी असते. ठरावीक स्थितीतून ठरावीक डेप्थपर्यंत एकूण किती वैध फांद्या निघतात ते मोजायचं आणि सर्वमान्य आकड्यांशी ताडून बघायचं. सुरुवातीच्या स्थितीत हे आकडे २०, ४००, ८,९०२, १,९७,२८१ असे जातात, आणि ढब्बूचे तंतोतंत जुळले. भाचा खूश. पण सुरुवातीच्या स्थितीत चार अर्ध्या चालींत राजाला त्रासच कितीसा होणार? मी त्याला एक ओसाड एंडगेम, म्हणजे डावाच्या शेवटची थोड्या मोहऱ्यांची स्थिती, दिला, जो ह्याच कामासाठी प्रसिद्ध आहे. पांढरा: राजा ए५, हत्ती बी४, प्यादी बी५, ई२, जी२. काळा: राजा एच४, हत्ती एच५, प्यादी सी७, डी६, एफ४. पांढऱ्याची खेळी. पहिल्या पातळीला १४, दुसरीला १९१ यायला हवेत. ढब्बूचे आले १४ आणि १९३.

ते दोन जास्तीचे कुठून आले हे शोधण्यात मला ह्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत जास्त आनंद मिळाला. पांढऱ्याने ई२ चं प्यादं दोन घरं, ई४ वर नेलं, तर एफ४ वरचं काळं प्यादं ते आँ पासाँ, म्हणजे ते एकच घर चाललं असं धरून, खाऊ शकतं असं दिसतं. खाल्लं की चौथ्या रांगेतून एकाच वेळी दोन प्यादी नाहीशी होतात, काळं आणि पांढरं, आणि बी४ चा हत्ती थेट एच४ च्या राजाकडे बघू लागतो. म्हणून ती खेळी अवैध. नवा जनरेटर बांधलेली (हलली तर राजा उघडा पडेल अशी) मोहरी ओळखायचा, पण राजा आणि हत्तीच्या मध्ये एकच मोहरं असेल तर. इथे मध्ये दोन होती, तेव्हा त्याच्या मते कुणीच बांधलेलं नव्हतं. जी२ चं प्यादं जी४ वर गेलं की हीच गोष्ट दुसऱ्यांदा. एक आणि एक दोन, हिशेब पुरा. आँ पासाँच्या खेळीपुरतं जुन्या पद्धतीने, खेळून, राजा बघून, परत घेऊन तपासायचं असं ठरवलं. हुशारी करण्याची ती जागा नाही.

कॅसलिंगमध्येही (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवण्यात) एक सापडलं, पण त्याचा उगम कोडमध्ये नव्हता. ढब्बू एकदा शह बसला की कॅसलिंगचा हक्क कायमचा काढून घ्यायचा. भाचा म्हणाला, "नियमच आहे ना?" नियम असा नाही. शह असताना कॅसलिंग करता येत नाही, राजा हल्ल्याखालच्या घरातून जाऊ शकत नाही, तिथे थांबूही शकत नाही; पण राजा न हलवता शह काढला, तर हक्क शाबूत राहतो. शाळेत मधल्या सुट्टीत शिकलेला नियम त्याने तसाच सी प्लस प्लसमध्ये उतरवला होता. अण्णांना विचारलं तर तेही भाच्याच्या बाजूचे. मला वाटतं ह्याचं मूळ जुन्या देशी पद्धतीत असावं: तिथे राजाला डावात एकदा घोड्याची अडीच घरांची उडी मारता यायची, आणि तोपर्यंत शह बसलेला नसेल तरच.

मात दिसल्यावर द्यायच्या गुणांचा एक किस्सा थोडक्यात. मात किती चालींत हे गुणात मुरवण्यासाठी मुळापासूनचं, म्हणजे पटावरच्या आत्ताच्या स्थितीपासूनचं, अंतर वजा करतात, म्हणजे जवळची मात लांबच्यापेक्षा गोड लागते. पण तोच गुण हॅश टेबलमध्ये, म्हणजे आधी बघितलेल्या स्थितींच्या नोंदवहीत, ठेवायचा तर अंतर त्या नोडपासूनचं करून ठेवावं लागतं, आणि बाहेर काढताना परत मुळापासूनचं. आम्ही ते केलं नव्हतं. बी२ नंतर पांढऱ्याची मात पाच चालींत आहे, ढब्बू कधी चार सांगायचा, कधी सात.

फुकट शह, आणि एक वाद

सगळं जुळल्यावर वेगाचा प्रश्न आला. प्रत्येक शहाला एक पायरी जास्त म्हटलं की ढब्बू मूर्खासारखे शहही खोलवर उतरून बघायचा: वजीर प्याद्याच्या तोंडी देऊन दिलेले शह, जे कुणी माणूस दुसऱ्यांदा बघणार नाही. त्यावर ठरलेला उपाय आहे. शह देणारं मोहरं ज्या घरावर आलं तिथली देवाणघेवाण हिशेबात धरायची, आणि त्यात शह देणारा तोट्यात जात असेल तर जास्तीची पायरी द्यायची नाही. आम्ही ते घातलं आणि सर्च लक्षणीय हलका झाला.

आणि मंडपातली स्थिती पुन्हा चुकली.

उघड आहे, एकदा कळल्यावर. वजीर जी८ हा शह त्या हिशेबाने तोट्याचाच आहे: नऊचा वजीर गेला, घोड्याने परत खाल्लं तर पाचचा हत्ती मिळाला, चारचा खड्डा. त्या नोडला पायरी मिळत नाही, तिथे डेप्थ एक राहते, हत्तीने घेतल्यावर शून्य होते, आणि शेवटचा घोड्याचा शह क्विएसन्सच्या पहिल्या पातळीवर येतो. तिथे शांत शह अजून चालू असते तर मात दिसली असती. पण वेगासाठी भाच्याने त्याच दिवशी तेही बंद केले होते.

आमचा वाद झाला तो इथे. भाच्याचं म्हणणं, जुनं बिनशर्त एक्स्टेन्शन परत आणू. अण्णांसमोर पुन्हा तोंडावर पडायचं नाही. माझं म्हणणं, एका डावासाठी इंजिन शिवायला आपण शिंपी नाही. शर्त राहू दे, पहिल्या पातळीवरचे शह परत चालू कर, आणि वाचलेल्या वेळात डेप्थ सातवर ने. दोन्ही करून बघितलं. डेप्थ सातला वजिराच्या शहाला जास्तीची पायरी न देताही मात दिसते, कारण शेवटचा घोड्याचा शह डेप्थ शून्यावर येतो आणि शहात स्टँड पॅट बंद असल्याने क्विएसन्सला सुटण्याची खेळी सापडत नाही. लॅपटॉपवर डेप्थ सातला लागणारा वेळ बिनशर्त सहाच्या जवळपासच निघाला. शेवटी माझा मार्ग राहिला, पण भाच्याने ती स्थिती चाचण्यांच्या यादीत पहिल्या ओळीवर टाकली आहे, आणि रोज रात्री ती चुकली तर त्याला मोबाइलवर मेसेज येतो.

दिवाळीत अण्णांना पुन्हा बोलावलं. त्यांनी घोडा जी५ ला आणायचा प्रयत्न केला, ढब्बूने वेळेवर एच६ खेळून त्याला हाकललं. चाळीसाव्या चालीच्या आसपास अण्णा एका हत्तीने मागे होते. तेव्हा त्यांनी वजिराने शह द्यायला सुरुवात केली. एकीकडून, दुसरीकडून, परत पहिल्याकडून. पडद्यावरचा आकडा शून्यावर येऊन थांबला. अण्णांनी चकलीचा तुकडा मोडला, पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे काय, त्याला आधीच कळलं?"